घासाची परवानगी

सदानंदांनी ‘बस’ म्हणताच इवलासा टिकल्या बसला. शिकवण्याची गरजच नव्हती. वारलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या स्मृती प्रयोगशाळेने या पिल्लाच्या मेंदूत रुजवल्या होत्या. पण कालपासून त्याने दूधभाताला तोंड लावले नव्हते.

“खा ना रे,” सदानंद काकुळतीने म्हणाले.

“बाबा, आईने सांगितल्याशिवाय तो कधी जेवलाय का?” केतकीने विचारले.

वसुधा जाऊन वर्ष झाले होते. सदानंदांनी तिचेच शब्द उच्चारून पाहिले. पिल्लू दाराकडे बघत राहिले.

मग केतकी वाकली, आणि नकळत हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली, “घे रे सोन्या, घास घे.”

पिल्लू अधाशासारखे जेवू लागले.

आता दाराकडे सदानंद बघत होते.