मागचा भार

मोटरवेचा चढ संपून मँचेस्टरकडचा लांब उतार लागला, तेव्हा मागे जोडलेली कॅरव्हॅन, चाकांवरची फिरती खोली, पहिल्यांदा हलली. सुप्रभाला ते स्टिअरिंगमधून कळलं. कुणीतरी गाडीला मागून धरून डावीकडे ओढावं आणि सोडून द्यावं, तसं.

"अहो, मागचं हलतंय," ती म्हणाली.

शेजारी शशिधर डोळे मिटून बसला होता. हॉस्पिटलमधल्या रात्रपाळीने त्याचं जागरण झालं होतं, म्हणून आज गाडी तिच्या हातात होती.

"वारा आहे. गप चालव."

वारा नव्हता. सकाळी लीड्सला घरासमोर सामान भरताना त्याने तंबू, पाण्याचे कॅन, डबाबंद खाण्याची खोकी, सगळं कॅरव्हॅनच्या पार मागच्या टोकाला रचलं होतं. जड सामान चाकांच्या वर ठेवा, पुढचं टोक गाडीच्या हुकावर दाबून बसलं पाहिजे, नाहीतर वेगात ती तुम्हालाच फरफटवेल, असं कॅरव्हॅन विकणाऱ्याने बजावलं होतं. शशिधर तेव्हा आतला फ्रिज उघडून बघत होता. सुप्रभाने ऐकलं होतं. "दोन खोकी पुढे घेऊ या का?" एवढंच ती सकाळी म्हणाली. आता तिचा खालचा ओठ सुजून बधिर झाला होता. पुण्याहून आलेल्या सासूबाई त्या वेळी दारातच उभ्या होत्या. आता त्या मागच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन, टेकडीवरच्या मेंढ्या बघत होत्या.

एक भली मोठी लॉरी उजवीकडून झपकन पुढे गेली.

कॅरव्हॅन तिच्यामागे उजवीकडे ओढली गेली, मग डावीकडे, मग त्याहून जोरात उजवीकडे. गाडीचं मागचं अंग उचललं गेलं. आरशात कॅरव्हॅनची अख्खी बाजू दिसली. आत खोकी भिंतींवर आदळत होती. एक खिडकी फुटली. सासूबाईंचं कपाळ दाराच्या काचेवर आपटलं.

"ब्रेक मार!" शशिधर ओरडला.

"ब्रेक नाही मारायचा, उलटेल." तिने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरलं.

"ब्रेक मार म्हणतोय ना!" त्याची मूठ तिच्या कानामागे बसली. डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण हात सुटले नाहीत. मग त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडून स्वतःकडे खेचलं.

कॅरव्हॅनने चाबकासारखा फटका दिला. गाडी आडवी व्हायला लागली. टायर किंचाळले. पलीकडच्या लेनमध्ये एक छोटी लाल गाडी होती. त्यातल्या बाईचं उघडं तोंड सुप्रभाला दिसलं, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ.

"हात काढ," सुप्रभा म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्याने हात काढला नाही.

तिने डावं कोपर सगळ्या ताकदीनिशी त्याच्या तोंडावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज आला. त्याची बोटं तरी सुटली नाहीत. तिने पुन्हा मारलं, त्याच जागी. या वेळी बोटं सुटली.

स्टिअरिंग सरळ झालं. कॅरव्हॅन अजून दोनदा हेलकावली, मग एकदा, थोडीशी. मग मुकाट्याने मागून येऊ लागली. लाल गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती. सुप्रभाने वेग उतरू दिला आणि गाडी कडेला घेऊन थांबवली.

शशिधरच्या बोटांमधून रक्त शर्टावर गळत होतं. "माझ्यावर हात टाकलास?" त्याचे शब्द ओले येत होते. तो मागे वळला. "आई, पाहिलंस ना?"

"पाहिलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. "सकाळचंही पाहिलं."

सुप्रभा उतरली. कठड्याच्या कडेने ती मागे गेली. मग तिने कॅरव्हॅनचं दार उघडलं. आत सगळीकडे काचा होत्या. तिने पाण्याचे कॅन एकेक करून ओढत चाकांच्या वर आणून ठेवले. खोकी आणली. तंबू तेवढा हलेना. ती खाली बसून, पायांनी रेटत राहिली, तेव्हा तो सरकला. शेजारून लॉऱ्या जात होत्या आणि प्रत्येक लॉरीबरोबर जमीन थरथरत होती. तिच्या तळहाताला काच लागली होती. ते तिला बाहेर आल्यावर कळलं.

सासूबाई गाडीतून उतरून पुढच्या दाराशी उभ्या होत्या. दार त्यांनीच उघडलं होतं.

"ऊठ," त्या मुलाला म्हणाल्या. "मागे बस."

"आई, नाक मोडलंय माझं."

"मागे बसून धर."

तो उतरला, आणि नाकाला रुमाल लावून मागे जाऊन बसला.

सासूबाईंनी सीटवरचं रक्त पदराने पुसलं, साडी सावरली आणि बसल्या. सुप्रभाने दार लावून किल्ली फिरवली. सासूबाई खांद्याजवळ काहीतरी चाचपत होत्या.

"सुप्रभा," त्या म्हणाल्या, "हा पट्टा कुठे अडकवायचा गं?"