आठाने भागायचं, मग निम्मं करायचं

"आज नाही चाललं, तर उद्या हा सगळा पसारा अम्गऱ्याच्या भंगारबाजारात," योगिनी म्हणाली. "पिकअपवाल्याला सांगून ठेवलंय मी."

"सांग की," शैलेश म्हणाला. "संध्याकाळी तूच फोन करून नको म्हणशील."

शैलेश हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी आखातातल्या मंगफच्या फ्लॅटची गॅलरी भरायचा. वायरी, पंखे, उघडेवाघडे छोटे कॉम्प्युटर. कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. त्यात गेल्या महिन्यात त्याने तिची कणकेची परात उचलून गच्चीवर नेली आणि तिचा अँटेना केला. तेव्हापासून बाई प्लास्टिकच्या टबात कणीक मळत होती. डोकं फिरेल नाही तर काय!

बेत मात्र झकास होता. पार्किंगच्या मैदानापलीकडे महबूबभाईंची बिल्डिंग. महबूबभाई मूळचे रत्नागिरीचे, इथे त्यांचं किराणा दुकान. दोन गच्च्यांवर दोन पराती समोरासमोर, खाली दोन्ही घरांत एकेक छोटा कॉम्प्युटर, शैलेशच्या भाषेत डबा. नेट गेलं तरी फायली या घरातून त्या घरात.

महबूबभाईंच्या गच्चीवरची परात त्यांच्या बायकोची, बानूभाभींची. देताना त्यांचा जीव खालीवर झाला होता. काठावर मशीनने कोरलेलं होतं, 'बानूस, मामूकडून'.

"शैलेशभाऊ, एवढी मोठी एकच आहे हो माझ्याकडे," त्या म्हणाल्या होत्या. "शुक्रवारी तुम्हालाच जेवायला बोलावलंय. अकनी वाढू कशात?"

"त्याच रात्री काढून देतो, भाभी. पळून थोडीच जाणार आहे!" म्हणत शैलेशने गुरुवारी परात तारेने आवळून बसवलीसुद्धा.

शुक्रवारी महबूबभाई जुम्म्याच्या नमाजाहून घरी आले आणि त्यांचा फोन आला. शैलेशने तो स्पीकरवर टाकला.

"वर जाऊन एकदा बघून येऊ काय रे?" महबूबभाईंनी विचारलं.

"कशाला उन्हात भाजून घेता? मी स्वतः बसवलीय. तुम्ही डब्यापाशी बसा."

योगिनी हाताची घडी घालून उभी होती. "हे दोन्ही डबे अजून आपापल्या घरच्या वायफायवर आहेत ना? ते बंद करायला नको? फाईल नेटवरूनच गेली तर?"

"तिकडे महबूबभाईंच्या रिदाची ऑनलाइन परीक्षा चालू आहे, तिचं नेट कुठे तोडू? आणि डबा शहाणा आहे. जवळची वाट सोडून लांबची कशाला धरेल?"

"डब्याच्या खोक्यावर तर दीडशेचा स्पीड लिहिलाय. दीडशे मिळणार का?"

शैलेश याच प्रश्नाची वाट बघत होता. "खोक्यावरचा आकडा म्हणजे स्थळाच्या बायोडेटातला पगार. हातात पडतो तो निराळा. दीडशे हे मेगाबिट. आठाने भागायचं, म्हणजे मेगाबाइट आले. मग निम्मं करायचं. नऊ येतात. लिहून ठेव, नऊ!"

फाईल होती रिदाच्या शाळेतल्या नाटकाची, चांगली दणदणीत मोठी. शैलेशने बटण दाबलं. पडद्यावरचा आकडा जरा घुटमळला आणि स्थिरावला. नऊ.

"आली रे, आली!" फोनमधून महबूबभाई ओरडले.

योगिनी खिडकीपाशी गेली आणि तिचा चेहरा उतरला. समोर कुणाचा तरी एसी गच्चीवर चढवायला क्रेन आली होती. तिचा दांडा बरोबर दोन गच्च्यांच्या मधोमध आडवा आला. पाठोपाठ धूळ उठली आणि महबूबभाईंची बिल्डिंग दिसेनाशी झाली.

"आता गेलं," ती म्हणाली.

"आकडा बघ."

आकडा नऊच होता. धूळ बसली, क्रेन गेली, आकडा तसूभर हलला नाही.

"याला म्हणतात मांडणी!" शैलेशने मांडीवर थाप मारली.

योगिनीला नवऱ्याचं कौतुक वाटलं. खरंच वाटलं. इतके दिवस आपण उगाच टोचून बोललो, असंही वाटलं. तिने पिकअपवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि गॅलरीतली कपड्यांची दोरीही सोडून टाकली. "घे बाबा, अख्खी गॅलरी तुझी."

संध्याकाळी महबूबभाईंकडे दस्तरखानावर बसल्या बसल्या शैलेशची गाडी सुटली ती थांबेना. दीडशे, आठाने भागणं, निम्मं करणं, सगळं पुन्हा झालं. रिदाने दोनदा "वॉव, अंकल" म्हणून घेतलं.

"आणि भाभी," त्याने स्वयंपाकघराकडे बघत आवाज चढवला, "तुमची परात आज काय लढली म्हणून सांगू! पुढ्यात क्रेन आली, धूळ आली, पण पठ्ठी जागची हलली नाही. जेवण झालं की वर जाऊन काढून देतो."

"आधी जेवा हो," आतून आवाज आला.

बानूभाभी दोन्ही हातांनी अकनी घेऊन आल्या. वाफाळलेला भात, वर मटणाचे तुकडे. एकाच ताटातून जेवायला सगळे सरसावून बसले. योगिनीने पहिला घास घेतला आणि तिचा हात काठाशीच थांबला. तिने काठावरची शितं बोटाने बाजूला केली.

"'बानूस, मामूकडून'," तिने वाचलं.

"हे जुम्म्याला गेले ना, तेव्हाच आणली मी काढून," बानूभाभी म्हणाल्या. "म्हटलं, तुम्हाला परत वर चढायचा त्रास कशाला?"

योगिनीने डाव्या हाताने फोन उचलला आणि पिकअपवाल्याचा नंबर लावला.