छत्तीस दिवस

‘छत्तीस’ या उत्तरावर राइसाबाईंचं लाल पेन अडलं. जिल्ह्याहून आलेल्या उत्तरसूचीत तेहतीस होतं. प्रश्न साधा होता : आपलं गाव रशियन सैन्याच्या ताब्यात किती दिवस होतं?

शाळेच्या तळघरात पोरं कोट घालूनच बसली होती. वर सायरन वाजून दीड तास झाला होता. तेवढ्या वेळात बाईंनी सात पेपर उरकले होते. दमायलाही सवड लागते. ती त्यांच्याकडे नव्हती.

“यारीना, इकडे ये. पेन्सिलीनंच लिहिलंयस ना? मग खोड आणि तेहतीस लिही. बारापैकी दहा पडतायत तुला. कीवच्या कॉलेजातल्या फुकट जागेला अकरा लागतात. मी तिकडे बघते.”

यारीना हलली नाही. “तेहतिसाव्या दिवशी आपली माणसं आली ती नदीच्या अलीकडे, बाई. पूल पडला होता. पलीकडे आमच्याकडे यायला त्यांना आणखी तीन दिवस लागले.”

“मला सांगतेस? पण पुस्तकात—”

“बाबा पस्तिसाव्या दिवशी गेले.”

बाईंना ते ठाऊक होतं. तिच्या बाबांना माती द्यायला त्याही गेल्या होत्या. पण अठ्ठावीस वर्षं त्यांनी पोरांना एकच घोकवलं होतं : पुस्तकात आहे तेवढंच लिहा, मार्क मिळतात. तेवढ्या वर्षांत पुस्तक चारदा बदललं. सल्ला तोच राहिला.

“अगं, एक आकडा तर आहे. कॉलेजात गेलीस की लिही हवं ते.”

“तुम्ही काट मारा, बाई. मी खोडणार नाही.”

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. तिचा पेपर बाजूला सारून पुढचा ओढला. मिलानाचा. वर्गातली अट्टल कॉपीबहाद्दर. घर शाळेला लागून, नदीच्या अलीकडे. तिथेही छत्तीस.

“तुझं गं काय? तेहतिसाव्या दिवशी तुझी आजी रणगाड्यावर चढून सैनिकांचे मुके घेत होती. अख्ख्या गावानं पाहिलं.”

वर्ग खिदळला. मिलानाही हसली.

“यारीनाचं बघून लिहिलं.”

“निदान खोटं तरी बोलायचं!”

बाईंनी लाल पेन उचललं. तशी मिलाना बाकावरून अर्धी उठली.

“नका ना काट मारू, बाई. कधी नव्हे ते माझं एक बरोबर आलंय.”