बाकावरची पोरं

कॅनडात हॅमिल्टनला राजनच्या बेसमेंटमध्ये टीव्हीवर बेसबॉलची मॅच रंगली होती. "त्या म्हाताऱ्याला बसवा की आता घरी! चोवीस वर्षांची पोरं बाकावर कुजतायत," राजन तावातावाने म्हणाले.

"पण त्याचा अनुभव?" शेजारी बसलेल्या मित्राने, देवदत्तने विचारलं.

"अनुभव घाला चुलीत! पोरांना रोज खेळवा."

भजी घेऊन आलेल्या जयंतीला नवऱ्याचं हसूच आलं. "अहो, मग मराठी मंडळाच्या नाटकात यंदा हिरो त्या तरुण निहारला करा. चार वर्षं तो विंगेतून तुम्हाला तुमचीच वाक्यं सांगतोय."

"हिरोला अनुभव लागतो गं," म्हणत बासष्ट वर्षांच्या राजननी टकलावर काळाभोर टोप चढवला. "चल, तालमीला उशीर होतोय. तुझा पांढरा टोप घेतलास ना?"

यंदाही नाटकात ती त्यांची आई होती.