बेल्टवरचं पाणी

उम्म जस्सामच्या मुलाची गाडी समावाच्या वाळवंटात सापडली. मुलगा जस्साम मात्र सापडला नाही. इंजिन किंचाळतं म्हणून तिने ती माझ्या गॅरेजात आणली.

अशा वेळी बेल्टवर पाणी शिंपडायचं. आवाज थांबला तर दोष बेल्टचा. थांबला. नवा बेल्ट घातला, तरी किंचाळणं होतंच. वैतागून बेल्टच काढला, इंजिन बंद केलं. तरीही किंचाळणं चालूच!

"त्या दिवशी घाईत निघाला, उस्ताद," उम्म जस्साम म्हणाली. " माणूस परत यावा म्हणून मागे पाणी ओततात ना, ते राहूनच गेलं."

"खाला, गाडीला काय कळतंय त्यातलं!" मी चिडून अख्खी बादली इंजिनावर ओतली.

किंचाळणं थांबलं. वाकून पाहिलं, तर गाडीखाली एक थेंबही पडला नव्हता.

"आले रे बाळा, आणते अजून," म्हणत उम्म जस्साम रिकामी बादली घेऊन नळाकडे धावली.