एकशे बारा तास

वैष्णवीने पत्र्याची पेटी चौथ्यांदा उपसली. लॉगबुक नव्हतंच. दोन वर्षांत सापडलं नाही, ते आज कुठून उगवणार? पण उद्या सकाळी निघायचं होतं आणि हातांना चैन नव्हती.

ते निळं लॉगबुक घरात शेवटचं दिसलं ते खंडेनवमीला. ती सुट्टीवर आली होती. वडिलांची विळा-कुदळ, विहिरीवरची मोटार आणि तिच्या विमान शिकण्याच्या तासांची ती वही, सगळ्यांची एकत्र पूजा झाली. आईने, लंकाबाईंनी, स्वतः वहीला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली. तिच्या तुकडीतल्या एका मुलाचं विमान शेतात कोसळलं, त्याचा पाय गेला. त्याच आठवड्यात वही गायब झाली. मालकाने विमान शिकवणाऱ्या त्या शाळेला कुलूप ठोकलं आणि तिथलं नोंदींचं दप्तर कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही. एकशे बारा तास उडाल्याचा कागद म्हणून उरला नाही. मग सातपूरच्या कारखान्यात स्टोअरची नोकरी. वरून विमान गेलं की हातातलं काम तसंच राहायचं.

नव्या शाळेचे सर फोनवर सरळ बोलले होते, "लॉगबुक नाही तर तास नाहीत. यायचं तर पहिल्या धड्यापासून."

दोन दिवस तिने घरभर येरझारा घातल्या. आज कोपऱ्यावरच्या बूथवरून कळवून टाकलं, येते म्हणून.

पेटी बंद करून ती देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. दोन वर्षं रोज हेच. हात जोडायचे, वही सापडू दे म्हणायचं. लंकाबाई उंबऱ्याशी बसून झेंडूचे हार ओवत होत्या.

"पयल्यापासून म्हंजी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"म्हणजे एकशे बारा तास परत उडायचं. ते झाले की मग पुढचे."

"झालेले परत? येवढा येळ परत वर?"

"हो, आई."

लंकाबाईंची सुई थांबली. त्या उठल्या. पदराला हात पुसले आणि देव्हाऱ्यातले टाक एकेक करून पाटावर काढून ठेवले. खालचं लाल कापड उचललं. त्याच्याखाली निळा पुठ्ठा होता, त्यावर वाळलेलं कुंकू.

वैष्णवी पाटासमोर खाली बसली. अंगाची लाही लाही झाली.

"त्या पोराचं आयकलं आन लय भ्याले," लंकाबाई म्हणाल्या. "वही नसली तर घरीच ऱ्हाशील वाटलं."

"मग आज का काढलीस?"

लंकाबाईंनी वही तिच्या मांडीवर ठेवली.

"तू काय ऱ्हात नाय. मग येवढे तास तरी कमी उडशील."