बाटलीभर तेल

आई जाऊन महिना झाला. राजूरच्या बाजाराच्या दिवशी केशरबाई धुतलेली रिकामी बाटली घेऊन दारात आल्या. आई माक्याचं तेल करून विकायची, तेही गिऱ्हाइकाच्याच जुन्या बाटलीत. तिनं केलेलं तेल पातेल्याच्या तळाशी बाटलीभरच उरलं होतं. “संपलं,” मी म्हणाले. त्यांनी आत येऊन पातेल्यावरचं झाकण उचललं. “मंग हे काय हाय?” “आईच्या हातचं शेवटचं आहे. ठेवणार आहे.” “खवट हुईल, पोरी. टिकायचं औषध तुजी आई घालत न्हवती, म्हनून तर आमी डोंगर उतरून येतो.” मी नरसाळं लावलं आणि बाटली भरली. पातेलं रिकामं झालं. मला काही वाटलं नाही. बाटलीवर ओघळलेलं तेल केशरबाईंनी तळव्यावर निपटलं. “सुतक फिटलं ना? मंग डोकं अजून कोरडं का?” त्यांनी तळवा माझ्या टाळूवर ठेवला. मी खाली बसले, आईपुढे बसायचे तशी.